‘हरिकेन पॅम’: कागदावरचे वादळ

आपत्तीच्या वेळी निर्णय घेणाऱ्या यंत्रणेची कसोटी पाहण्यासाठी काल्पनिक संकट उभे करून जो सराव केला जातो, त्यास ‘सिम्युलेशन’ सराव म्हणतात. भोंगे, रुग्णवाहिका आणि स्ट्रेचर यांमुळे वृत्तपत्रांत छायाचित्र येते ते ‘मॉक ड्रिल’चे. ‘टेबल टॉप’ हा त्याचाच दुसरा प्रकार दिसायला कंटाळवाणा, पण अधिक बोलका असतो. अधिकारी नकाशाभोवती बसतात. सूत्रधार थोड्या थोड्या वेळाने नवी खबर देतो: पूल वाहून गेला, दूरध्वनी बंद पडले, रुग्णालयात पाणी शिरले. आता आदेश कोणी द्यायचा, तो कोणी पाळायचा, हे तेथेच ठरवावे लागते. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सरावांतही आधी ‘टेबल टॉप’ आणि मग प्रत्यक्ष ‘मॉक ड्रिल’ असा क्रम असतो.

या प्रकारातील सर्वाधिक चर्चिला गेलेला सराव म्हणजे जुलै २००४ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या पुढाकाराने झालेला ‘हरिकेन पॅम’. ताशी १२० मैल वेगाचे वारे, २० इंचांपर्यंत पाऊस आणि बंधारे ओलांडून न्यू ऑर्लिन्स शहरात शिरलेले पाणी, असे चित्र कल्पिले होते. मृतांचा अंदाज साठ हजारांच्या घरात होता. सुमारे पन्नास शासकीय व स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींनी शोध, निवारा, ढिगारे हटविणे यांचे आराखडे केले. स्वतःचे वाहन नसलेल्या रहिवाशांच्या वाहतुकीचा प्रश्न मात्र अर्धवट राहिला आणि पुढील बैठका निधीअभावी लांबल्या.

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ आले. बंधारे व पूरभिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ‘सुपरडोम’ क्रीडागारात हजारो लोक बसची वाट पाहत अडकून पडले. त्यांत गरीब, वृद्ध, आजारी अधिक होते. संपर्क यंत्रणा कोलमडल्याने कोठे काय घडते आहे, हेच वरिष्ठांना कळत नव्हते. त्यातच ‘नॅशनल गार्ड’च्या तुकड्यांवर हुकूम राष्ट्राध्यक्षांचा चालावा की राज्याच्या गव्हर्नरांचा, यावरून वाद उद्भवला. खरे तर हा टेबलावरच मिटवायचा प्रश्न! ‘पॅम’ने पुरेशी पूर्वसूचना देऊनही तिचे धडे अमलात आले नाहीत, असा ठपका प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने फेब्रुवारी २००६ मधील अहवालात ठेवला.