मानवी हक्क कार्यकर्त्यांचे आचारनियम (तालुका पातळी)

पोलीस, महसूल खाते, रुग्णालय किंवा धनदांडगे यांच्याकडून अन्याय झालेल्या माणसाच्या बाजूने उभे राहणाऱ्या स्थानिक गटांनी आपल्या सदस्यांवर घातलेली बंधने म्हणजे हे आचारनियम. बहुतेक नियम कायद्याने लादलेले नाहीत. १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण अधिनियमाने चौकशीचे अधिकार राष्ट्रीय व राज्य आयोगांना दिले. खासगी संस्थेच्या सदस्याला समन्स काढता येत नाही की ठाण्याची झडती घेता येत नाही. त्याच्या हाती फक्त लोकांचा विश्वास असतो.

यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरील बाभुळगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. मुलूख कापसाचा, बेंबळा नदीवरील प्रकल्पही याच तालुक्यात. अशा भागात हक्काचे प्रश्न ठरावीक वाटांनी येतात : धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला, शेतकरी आत्महत्येनंतर ‘पात्र-अपात्र’ ठरवणारी फाइल, पारधी बेड्यावरची धरपकड, फवारणीतली विषबाधा. गाव लहान असल्याने तक्रारदार, ठाणेदार, कृषी सेवा केंद्राचा मालक आणि गटाचा सदस्य एकमेकांना ओळखतात. शहरात खपून जाणारा एखादा निष्काळजी शब्द इथे मजुराचे काम बंद पाडू शकतो.

यवतमाळ जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण २०१७ चे आहे. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण दगावले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. हातमोजे-मास्क वापरले नाहीत म्हणून मजुरांनाच दोष देणारा सूरही तेव्हा उमटला. पुढे बाधितांनी आपली संघटना उभारली : महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स. सप्टेंबर २०२० मध्ये या संघटनेने पॅन इंडिया, पब्लिक आय आणि ईसीसीएचआर या संस्थांसह ५१ बाधित कुटुंबांचे गाऱ्हाणे बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वित्झर्लंडमधील ओईसीडी संपर्क केंद्रापुढे मांडले. सिंजेन्टा कंपनीच्या ‘पोलो’ या कीटकनाशकावर त्यांचा आक्षेप होता. कंपनीने जबाबदारी नाकारली. मृतांपैकी दोघांच्या पत्नी आणि एक बचावलेला शेतकरी यांनी स्विस न्यायव्यवस्थेकडेही दाद मागितली.

आचारनियमांच्या दृष्टीने यातला धडा पुराव्याचा आहे. अशा प्रकरणात रिकामी बाटली, दुकानाची पावती, दवाखान्याचा भरतीचा कागद आणि पोलिसांचा पंचनामा यांवर सगळे उभे असते. म्हणून सदस्याने मूळ कागद स्वतःकडे ठेवू नयेत. प्रत काढावी आणि मूळ त्याच दिवशी घरच्यांना परत द्यावा. कोणत्या औषधाने बाधा झाली हे बाधिताच्या तोंडून येऊ द्यावे. ‘अमुकच होते ना?’ असा प्रश्न एकदा विचारला की तो जबाब वाया गेला असे समजावे, कारण समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. दोन औषधे मिसळून फवारली असतील तर तेही लिहावे, मग ते आपल्या बाजूला गैरसोयीचे का असेना. गैरसोयीची नोंद गाळणारा कार्यकर्ता बाधितांचे नुकसानच करतो.

दुसरा नियम संमतीचा. तक्रार पीडिताची असते, गटाची नव्हे. ती कुठे जाणार, कोण वाचणार, त्यातून कोणता त्रास होऊ शकतो, हे त्याच्या बोलीत सांगितल्यावरच सही किंवा अंगठा घ्यावा. त्याने पाऊल मागे घेतले तर ते मान्य करावे. मरण पावलेल्या माणसाच्या घरी तेराव्याआधी कॅमेरा घेऊन जाणे हे सरळ क्रौर्य आहे, मग हेतू कितीही चांगला असो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांबाबत पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. बाईचा जबाब बाईने, घरच्या पुरुषांपासून दूर बसून घ्यावा.

पैशाच्या बाबतीत सवलत नाही. शेतकरी आत्महत्येत पात्र ठरलेल्या कुटुंबाला राज्य शासन १ लाख रुपये देते. सातबारा नावावर नसलेल्या मजुराच्या घराला त्यातले काहीच मिळत नाही. अशा घराकडून फाइल हलवण्यासाठी टक्केवारी घेणे, ठाण्यात मांडवली करून दोन्हीकडून रक्कम उचलणे हा सदस्यत्व तत्काळ रद्द करण्याचा गुन्हा मानला पाहिजे. मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि ती मराठीत चालते, हे प्रत्येकाला आधीच सांगणे हाच दलालीवरचा उतारा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. त्यांना यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे.

नावाचा प्रश्न याला लागूनच येतो. गाडीवर ‘मानवाधिकार’ अशी लाल पाटी, सरकारी वाटणारे ओळखपत्र आणि त्या जोरावर दमदाटी, असे प्रकार वाढल्याने २०१८ मध्ये राज्याच्या धर्मादाय आयुक्तांनी संस्थांच्या नावांतून ‘मानवाधिकार’, ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ यांसारखे शब्द काढण्याचे परिपत्रक काढले. त्याचा फटका प्रामाणिक संस्थांनाही बसला. तरी सदस्याने पहिल्याच वाक्यात ‘मी सरकारी माणूस नाही’ असे सांगावे, ही अपेक्षा रास्त आहे.

निःपक्षतेची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. सासवडचे न्या. वि. म. तारकुंडे यांच्या समितीने १९७७ मध्ये आंध्रातील चकमकींची गावोगाव जाऊन चौकशी केली. पुढे त्याच आंध्रात हक्क कार्यकर्ते के. बालगोपाल यांनी नक्षलवाद्यांच्या हिंसेवरही बोलले पाहिजे असा आग्रह धरला आणि हक्क चळवळीतल्या त्या मतभेदातून १९९८ मध्ये ह्यूमन राइट्स फोरम उभे राहिले. तालुक्यातही कसोटी तीच : आपल्या जातीचा, पक्षाचा किंवा ओळखीचा माणूस आरोपी असेल तेव्हा सदस्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हावे आणि तसे नोंदवहीत लिहावे.

कामकाजात दोन चुका वारंवार घडतात. घटनेला वर्ष उलटले की मानवाधिकार संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे आयोगाला चौकशी करता येत नाही, म्हणून ‘बघू, करू’ म्हणत तक्रार पडून राहू देणे हाही आचारभंग. आणि राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची राष्ट्रीय आयोग चौकशी करत नाही. म्हणून मुंबई आणि दिल्ली अशा दोन्हीकडे तोच अर्ज टाकू नये. नियम मोडणाऱ्यावर कारवाईची वाटही हवी. नोंदणीकृत न्यासाच्या विश्वस्ताने गैरवर्तन केल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ ड खाली त्याला पदावरून दूर करता येते. साध्या सदस्याविरुद्ध गटाची स्वतःची समिती असावी, आणि तिच्यात गटाबाहेरची किमान एक व्यक्ती असावी. खंडणीची तक्रार असेल तर ती समितीत न अडकवता थेट पोलिसांकडे द्यावी.