जाकोब नूफरची हकीकत व गर्भाशयावरील व्रण

उदर छेदून मूल काढिल्यावरही माता वांचली, याचा युरोपांतील प्रसिद्ध दाखला म्हणून स्वित्झर्लंडांतील जाकोब नूफर याचें नांव घेतात. हा डुकरिणी खच्ची करणारा गृहस्थ. इ. स. १५०० च्या सुमारास त्यानें आपल्या अडलेल्या स्त्रीचें उदर स्वतः चिरिलें, माता व मूल दोघेंही वांचलीं, आणि पुढें तिला नैसर्गिक रीतीनें जुळ्यांसह आणखी अपत्यें झालीं, अशी हकीकत आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतही उदर छेदण्याची आज्ञा आहे. पण ती मृत मातेविषयीं असल्यानें तेथें व्रणाचा प्रश्न उद्भवत नाहीं.

या हकीकतीची छाननी करितां पहिली अडचण काळाची येते. फ्रांस्वा रूसे याचा या शस्त्रक्रियेवरील फ्रेंच ग्रंथ १५८१ सालचा. त्याच्या लॅटिन भाषांतरास कास्पार बाउहिन यानें जोडलेल्या पुरवणींत नूफरचा वृत्तांत आला आहे. म्हणजे घटना व लेख यांत निदान ऐंशी वर्षांचें अंतर पडतें.

दुसरी अडचण शारीराची. गर्भाशयास टांके घालण्याची पद्धति माक्स सेंगर याच्या १८८२ च्या ग्रंथानंतर रूढ झाली. तत्पूर्वीं आंतील जखम बहुधा उघडीच राही, आणि रक्तस्राव व पू यांमुळें माता दगावत असे. म्हणूनच १८७६ त पाविया येथें एदुआर्दो पोर्रो यानें मूल काढिल्यावर गर्भाशयही कापून काढिला. यास्तव नूफरच्या स्त्रीचा गर्भ गर्भाशयाबाहेर उदरांत वाढला असावा, असा तर्क कांहीं अभ्यासकांनीं केला आहे. तो मानल्यास गर्भाशयास शस्त्र लागलेंच नाहीं, व पुढील प्रसूति सुखरूप कां झाल्या याचाही उलगडा होतो.

निर्णायक पुरावा त्या स्त्रीच्या देहांत होता. तो वाचण्याचें साधन मात्र नव्हतें. इयन डोनाल्ड व त्याचे सहकारी यांनीं १९५८ त 'लॅन्सेट'मध्यें ध्वनिलहरींनीं घेतलेलीं उदरांतील चित्रें प्रसिद्ध केलीं. आज अशा चित्रांत जुन्या व्रणाची खांच व भित्तीचा पातळपणा दिसतो. जुन्या व्रणांतच रुजलेल्या गर्भाचें उदाहरण लार्सन व सॉलोमन यांनीं १९७८ त नोंदविलें. तसा गर्भ आतां आरंभींच ओळखतां येतो, व वेळीं उपाय झाल्यास मातेचे प्राण वांचतात.

सारांश, व्रण हाही एक दस्तऐवजच होय. तो पाहिल्यावांचून नूफरला प्रथम यशाचा मान निःशंकपणें देणें योग्य नव्हे. त्याच्या नांवापुढें 'बाउहिनच्या लेखाप्रमाणें' एवढी पुस्ती अवश्य जोडावी.