ब्रह्मपुरीचा पर्सियस

कोल्हापूरच्या पश्चिमेस पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. येथें इ. स. १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांनीं खोदकाम केलें, व पुढें १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं शास्त्रीय पद्धतीनें उत्खनन केलें. त्याचा वृत्तान्त १९५२ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. कुंदणगारांस जो धातूच्या वस्तूंचा संचय सांपडला, त्यांतील समुद्रदेव पोसायडन याची वीतभरहि नसलेली कांशाची मूर्ति आतां सर्वपरिचित आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत जाणारा प्रत्येक जण ती पाहतो, आणि शालेय पुस्तकांतहि तिचें चित्र येतें. परंतु त्याच संचयांतील एका दुसऱ्या वस्तूकडे आपल्या मंडळींचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. ती म्हणजे उठावाचें काम केलेली एक कांशाची वाटोळी चकती. तिच्यावर यवनांचा पुराणप्रसिद्ध राजा पर्सियस आणि त्यानें सोडविलेली राजकन्या अँड्रोमेडा यांचें चित्र आहे. अशा चकत्या रोमन कारागीर निराळ्या घडवीत आणि मग पात्राच्या किंवा आरशाच्या मध्यभागीं बसवीत. कार्ल खंडालावाला यांनीं १९६० मध्यें या संचयाचें सविस्तर परीक्षण प्रसिद्ध केलें, व नंतर पाश्चात्य पंडितांनींहि त्यांतील रोमन वस्तूंची छाननी केली. आपल्या भाषेंत मात्र पर्सियसाची ओळख अजून नीट करून दिलेली आढळत नाहीं, म्हणून हा प्रयत्न.

प्रथम कथा. अर्गॉसचा राजा अ‍ॅक्रिसियस यास भविष्य कळलें कीं, तुझ्या मुलीचा मुलगा तुझा घात करील. त्यानें कन्या डॅनाई हिला कांशाच्या तळघरांत कोंडलें. पण देवराज झ्यूस सुवर्णवृष्टीच्या रूपानें तेथें शिरला आणि पर्सियस जन्मास आला. राजानें मायलेकांस पेटींत घालून समुद्रांत सोडलें. पेटी सेरिफॉस बेटास लागली. तेथें एका कोळ्यानें त्यांचा सांभाळ केला. मुलगा मोठा झाल्यावर तेथील राजानें त्याला मेड्यूसेचें शिर आणण्यास धाडलें. या राक्षसीकडे जो पाही तो पाषाण होई. पर्सियसानें ढालींत तिचें प्रतिबिंब पाहून शिरच्छेद केला. परततांना त्यास सिफियस राजाची कन्या अँड्रोमेडा समुद्राकांठीं खडकास बांधलेली दिसली. तिच्या आईनें, म्हणजे राणी कॅसिओपिआ हिनें, रूपाचा गर्व करून सागरकन्यांचा उपमर्द केला होता, आणि पोसायडनानें कोपून त्या राज्यावर पूर व एक महाकाय जलचर धाडला होता. त्या जलचरास मारून पर्सियसानें राजकन्येशीं विवाह केला. शेवटीं क्रीडोत्सवांत त्यानें फेंकलेलें चक्र लागून अ‍ॅक्रिसियस मेलाच. आजोबाच्या रक्तानें मिळालेल्या गादीवर बसण्याची लाज वाटून त्यानें अर्गॉस दुसऱ्यास दिलें, मोबदल्यांत टिरिन्स घेतलें, आणि मायसीनी नगर वसविलें, असें पॉसेनियस हा प्रवासी लिहितो.

वाचकांस येथें कंसाची भविष्यवाणी आणि कर्णाची पेटी आठवल्यावांचून राहणार नाहीं. तसें आठवणें स्वाभाविक आहे. पण तेवढ्यावरून कोणी कोणाची कथा उचलली हें ठरविण्याची घाई करूं नये. पाण्यांत सोडलेलें मूल अनेक देशांच्या कथांत आहे.

ब्रह्मपुरीच्या संचयापुरती एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. ज्या देवानें जलचर धाडला तो पोसायडन आणि ज्या राजानें तो मारला तो पर्सियस, दोघेहि एकाच ठिकाणीं पुरलेले निघाले. हा केवळ योगायोग होय. संग्रह करणाऱ्यानें कथा जाणून जोडी जमविली, असें मानण्यास आधार नाहीं. रोमन पात्रें, आरसे, आणि त्यांच्याच जोडीस हत्तीवर बसलेल्या स्वारांची शुद्ध देशी घडणीची मूर्ति हीं सर्व त्या एकाच संचयांत होतीं. यावरून मालकास कथेपेक्षां धातूच्या कारागिरीची आवड असावी, असेंच दिसतें.

आतां यवनांच्या देशांत या राजाचें चित्र कसकसें बदललें तें पाहूं. सर्वांत जुन्या चित्रांपैकीं एक इ. स. पू. सातव्या शतकांतील मातीच्या मोठ्या रांजणावर आहे; तो पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांत आहे. त्यांत मेड्यूसेला घोड्याचें धड दिलेलें असून पर्सियस तोंड फिरवून तिचा गळा कापीत आहे. पुढील शतकांत सिसिलींतील सेलिनस येथील देवालयाच्या शिलापट्टावर हाच प्रसंग कोरला गेला. तेथें राजा, देवी आणि राक्षसी तिघांचींहि तोंडें प्रेक्षकाकडे आहेत. त्याच शतकांतील कॉरिंथच्या घडणीचा एक कुंभ बर्लिनमध्यें आहे. त्यावर पर्सियस जलचरावर चक्क दगड फेंकतो आहे, आणि शेजारीं अँड्रोमेडा उभी आहे. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, तिघांचींहि नांवें चित्राशेजारीं लिहिलेलीं आहेत. चित्र ओळखण्यास नांव लागतें, हें त्या कुंभकारास ठाऊक होतें.

इ. स. पू. चौथ्या शतकांत निकियस नामक अथीनियन चित्रकारानें अँड्रोमेडेचें चित्र काढलें, असें प्लिनी सांगतो. मूळ चित्र नष्ट झालें; पण पाँपेई येथील एका घराच्या भिंतीवरील प्रसिद्ध चित्र त्याची नक्कल असावें असा तज्ज्ञांचा अभिप्राय असून तें आज नेपल्स येथें आहे. त्यांत युद्ध संपलेलें आहे. जलचर मरून पडला आहे, पर्सियसानें मेड्यूसेचें शिर पाठीमागें लपविलें आहे, आणि दुसऱ्या हातानें तो राजकन्येस खडकावरून खालीं उतरवीत आहे. पूर्वींच्या क्रूर प्रसंगांऐवजीं ही शांत घटका निवडण्यांत त्या चित्रकाराची खरी थोरवी आहे. रोमन घरांत भिंतींवर व भांड्यांवर हें जोडपें इतकें लोकप्रिय झालें, त्याचें कारणहि हेंच असावें. राजकुलांसहि या नांवाचा मोह होता. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप यानें आपल्या मुलाचें नांव पर्सियस ठेविलें; त्याचाच इ. स. पू. १६८ मध्यें पिड्ना येथें रोमनांनीं पराभव केला व तें राज्य बुडालें. पुढच्या काळांतील चेल्लिनीची फ्लॉरेन्समधील कांशाची मूर्ति (१५५४) आणि टिशियनानें स्पेनच्या दुसऱ्या फिलिपासाठीं रंगविलेलें चित्र, हीं इतकीं गाजलेलीं आहेत कीं त्यांचें वर्णन येथें नको. एवढेंच सांगतों कीं, दोन हजारांहून अधिक वर्षांत कलावंतांनीं पर्सियसाचें राजेपण जवळजवळ सोडूनच दिलें. मायसीनी वसविणारा राजा कोणास नको होता. सर्वांस हवा होता तो तरुण वीर.

आपल्या देशाचा या कथेशीं संबंध यवन-रोमनांनीं स्वतःच जोडला आहे. अँड्रोमेडा इथिओपियाची, असें बहुतेक म्हणतात. कांहीं तिला पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील जोपा येथील मानतात. परंतु ओव्हिड आपल्या प्रणयकलेवरील काव्याच्या पहिल्या सर्गांत, पर्सियसानें तिला काळ्या वर्णाच्या हिंदी लोकांतून नेलें, असें म्हणतो. हें ऐतिहासिक प्रमाण नव्हे. रोमन कवींच्या भूगोलांत इथिओपिया आणि हिंदुस्थान यांची सरमिसळ नेहमींचीच. प्लिनीचा दाखला त्याहून मौजेचा आहे. इ. स. पू. ५८ मध्यें स्कॉरस या अधिकाऱ्यानें जोपाहून त्या जलचराचीं म्हणून आणलेलीं हाडें रोममध्यें मांडलीं. सांगाड्याची लांबी चाळीस फूट असून बरगड्यांची उंची हिंदी हत्तीपेक्षां अधिक होती, असें तो लिहितो. तिमिंगलाचें माप सांगावयास हिंदी हत्ती लागला!

मग ही चकती करवीरास कोणत्या वाटेनें आली? इ. स. च्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत पश्चिम किनाऱ्याचीं बंदरें क्रमानें दिलीं आहेत. त्यांत आमच्या पालघर जिल्ह्यांतील सोपारें ‘सुप्पर’ या रूपानें येतें, त्यापुढें कल्याण व चौल येतात. कल्याण त्या वेळीं पडतें होतें. तेथें चुकून आलेलीं यवनांचीं गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेत, असा उल्लेख आहे. टॉलेमी ‘हिप्पोकूर’ हें ‘बालेओकूर’ राजाचें राहण्याचें ठिकाण म्हणून देतो. कोल्हापुरास सांपडलेल्या नाण्यांवरील ‘विळिवायकुर’ या नांवाशीं त्याचा मेळ विद्वानांनीं फार पूर्वींच घातला आहे. तेव्हां घाटावरील हें स्थान यवन व्यापाऱ्यांच्या कानावर होतें, इतकें निश्चित. कोकणांतून घाट चढून माल जाण्यास वाटा होत्याच. त्यांपैकीं अमुकच एक, असा आग्रह धरणें व्यर्थ होय.

खरा प्रश्न वाटेचा नाहीं, कथेचा आहे. चित्र आलें, त्याबरोबर कथाहि आली काय? माझें मत स्पष्ट आहे: आली नाहीं. कार्ल्याच्या चैत्यांतील स्तंभ देणारे धेनुकाकटचे यवन पाहा. त्यांचीं नांवें ‘सिहधय’, ‘धम्म’ अशीं आहेत. नाशिकच्या लेण्यांतील दत्तामित्रीचा ‘योणक’ स्वतःस धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त म्हणवितो. हे लोक येथें राहिले, दानें दिलीं, पण त्यांनीं कोरविलेल्या शिल्पांत यवनांची एकहि पुराणकथा नाहीं. याउलट गांधार देशांत पाहावें. तेथील एका शिलापट्टावर ट्रॉयचा लांकडी घोडा असून दारांत हात उंचावलेली स्त्री उभी आहे. तो पट्ट लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयांत आहे. तेथें कथा समजून घेऊन ती देशी वेषांत पुन्हां कोरली गेली. दख्खनेंत तसें घडलें नाहीं. ब्रह्मपुरीच्या मालकानें चकती पाहिली असेल तेव्हां त्यास काय दिसलें असेल? कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर जशीं दंपतीचीं शिल्पें आहेत, तसें एक स्त्रीपुरुषांचें मंगल युगुल. मेड्यूसा आणि मायसीनी यांच्याशीं त्यास कर्तव्य नव्हतें.

याचा उलटा दाखला इटलींतच मिळतो. पाँपेईच्या भग्नावशेषांत १९३८ मध्यें हस्तिदंताची एक हिंदी स्त्रीमूर्ति सांपडली, ती इ. स. ७९ पूर्वींची, हें ज्वालामुखीनेंच ठरवून दिलें आहे. तिच्याशीं जुळणाऱ्या मूर्ति आपल्या तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत. प्रथम तिला लक्ष्मी म्हणत, आतां यक्षी म्हणतात. पाँपेईच्या त्या गृहस्थास दोन्ही नांवें माहीत नसतील. त्याच्या नगरांतील भिंतीवरचा पर्सियस इकडे नांवावांचून आला, आणि इकडची यक्षी तिकडे नांवावांचून गेली.

पर्सियस नांवासह आपल्याकडे आला तो फार नंतर, आणि आकाशमार्गानें. त्याचा तारकापुंज यवन ज्योतिषांत प्रसिद्धच होता. अरबांनीं तो घेतला. दहाव्या शतकांतील अब्दुर्रहमान अल्-सूफी याच्या स्थिर ताऱ्यांवरील ग्रंथाच्या सचित्र पोथ्यांत हा वीर ‘राक्षसाचें शिर धारण करणारा’ म्हणून काढलेला आहे. मेड्यूसा तेथें ‘घूल’ झाली, तिच्या सर्पकेशांच्या जागीं दाढीवाल्या पिशाच्चाचें मुंडकें आलें, आणि त्यांतील ताऱ्यास ‘रासल्-घूल’ म्हणूं लागले. युरोपीय ‘अल्गोल’ तो हाच. हा तारा सुमारें दोन दिवस एकवीस तासांनीं मंद होऊन पुन्हां उजळतो. मोगल अमदानींत लाहोरच्या कारागिरांनीं घडविलेल्या धातूच्या खगोलांवरहि हें चित्र कोरलेलें असे.

संस्कृतांत हें ज्ञान यंत्रराजाच्या द्वारें आलें. फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयास असलेला जैन पंडित महेन्द्रसूरि यानें शके १२९२ मध्यें, म्हणजे इ. स. १३७० त, ‘यंत्रराज’ हा ग्रंथ रचून बत्तीस ताऱ्यांची सारणी दिली. अशा संस्कृत यंत्रांवर अल्गोल ‘प्रेतशिरस्’ या नांवानें कोरलेला आढळतो, व पर्सियसाच्या कुशींतील तेजस्वी तारा ‘मनुष्यपार्श्व’ या नांवानें. पाहा, भाषांतरकारानें काय केलें तें! घूलचा प्रेत झाला, आणि पर्सियसाचा नुसता मनुष्य. राजा तर राहोच, नांवहि गळलें.

याच्याहि नंतरची, अगदीं अर्वाचीन अवस्था मराठी ज्योतिषग्रंथांत दिसते. तेथें पर्सियसास ‘ययाति’, अँड्रोमेडेस ‘देवयानी’, कॅसिओपिआस ‘शर्मिष्ठा’ आणि सिफियसास ‘वृषपर्वा’ हीं नांवें रूढ आहेत. ज्यानें हीं योजिलीं तो रसिक होता खरा. आदिपर्वांत ययाति देवयानीस उजवा हात धरून विहिरींतून वर काढतो, आणि निकियसाच्या चित्रांत पर्सियस अँड्रोमेडेस हात धरून खालीं उतरवितो. त्या करग्रहणाच्या आधारावरच देवयानी पुढें त्याला पति म्हणून मागते. परंतु बाकीचें नातें जुळत नाहीं. कॅसिओपिआ ही सिफियसाची राणी. शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची कन्या. ययातीच्या हातांत राक्षसीचें मुंडकें कोठून यावें, याचें उत्तर तर महाभारतांत मुळींच नाहीं. जुन्या सिद्धान्तग्रंथांत हे पुंज या नांवांनीं येत नाहींत. तरीहि या नांवांच्या बळावर, आमचाच ययाति यवनांनीं पर्सियस करून नेला, असें कोणी प्रतिपादूं लागल्यास त्यास वेळींच अडविलें पाहिजे. भाषांतराची तारीख विसरली कीं भाषांतर मूळ होऊन बसतें, आणि तें पुन्हां उपटणें कठीण जातें.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं ज्योतिषाचीं जुनीं बाडें आहेत. त्यांत यंत्रराज किंवा त्यावरील टीका असल्यास तारासारणीचें पान काढून ‘प्रेतशिरस्’ आणि ‘मनुष्यपार्श्व’ हे शब्द कोणत्या रूपांत येतात, शेजारीं फारसी नांवें नागरींत उतरवून घेतलेलीं आहेत काय, आणि लेखनशक काय, एवढें टिपून मंडळाकडे पाठवावें. लेखकांच्या हातून ‘प्रेत’चा ‘प्रीत’ किंवा ‘पीत’ होणें सहज शक्य आहे. तेव्हां तसें रूप दिसलें तरी तें परस्पर शुद्ध न करतां जसेंच्या तसें उतरावें.

— बेटेगांव, जि. पालघर