पादत्राणे : पक्षाघातानंतरच्या फूट ड्रॉपसाठी

पक्षाघातानंतर चालताना चवडा वर उचलता न येणे, या स्थितीला वैद्यकात ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. घरची माणसे ‘पाय घासतो’, ‘पाऊल लोंबतं’ असे सांगतात. मेंदूकडून नडगीच्या पुढच्या स्नायूंना मिळणारी आज्ञा क्षीण होते आणि बऱ्याच रुग्णांत पोटरीचे स्नायू ताठरत जातात. त्यामुळे पाऊल खाली लोंबते, शिवाय आतल्या बाजूला वळते. टाचेऐवजी चवड्याची बाहेरची कड आधी जमिनीला टेकते. अडखळू नये म्हणून रुग्ण कंबर वर खेचतो किंवा पाय बाहेरून अर्धगोल फिरवत पुढे टाकतो. कुष्ठरोगात किंवा गुडघ्याजवळच्या मज्जातंतूला इजा झाल्यावर येणारा फूट ड्रॉप निराळा. त्यात पाऊल ढिले पडते, ताठरत नाही. म्हणून ओळखीतल्या एका रुग्णाला मानवलेले साधन दुसऱ्याने तसेच वापरू नये.

बूट स्वतः पाऊल उचलून धरत नाही. ते काम घोट्याच्या आधाराचे, म्हणजे एएफओचे. पोटरीच्या मागून उतरून तळव्याखाली वळणारा हा आधार बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा असतो. कमजोरी सौम्य असेल तर लवचीक पातीचा, ताठरपणा जास्त असेल तर कडक, घोट्याची थोडी हालचाल राखायची असेल तर बिजागरीचा. कार्बन फायबरचे आधार हलके असतात, पण महाग. पाऊल या आधारात नीट बसवून ठेवणारी वस्तू म्हणजे बूट. दोन्ही मिळून एकच साधन होते. पुष्कळ घरांत रुग्णाला घरी आणताच हौसेने भारी बूट आणले जातात आणि मग त्यात आधार शिरतच नाही. आधी आधार, मग बूट हा क्रम पाळला तर हा खर्च वाया जात नाही.

खरेदीला जाताना आधार आणि रोजचे मोजे पायात हवेत. संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय सुजतो. माप दोन्ही पायांचे, उभे राहून घ्यावे. आधारामुळे अर्धा ते एक नंबर मोठा बूट लागतो. लांबीपेक्षाही रुंदी कमी पडते. आतली गादी निघणारी असेल तर ती काढून आधारासाठी जागा करता येते. दुसऱ्या पायात मात्र गादी राहू द्यावी, बूट सैल वाटला तर आणखी एक घालावी. आधाराच्या जाडीने एक पाय किंचित उंच झालेला असतो, तो फरकही अशाने भरून निघतो.

टाचेची उंची हा दुकानात सर्वांत दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. कडक आधार विशिष्ट उंचीची टाच गृहीत धरून घडवलेला असतो. त्याहून उंच टाचेचा बूट घातला की नडगी पुढे झुकते आणि गुडघा वाकू पाहतो. सपाट घातला की गुडघा मागे ढकलला जातो. पाय दुबळा असताना एवढा फरकही पडायला पुरेसा ठरतो. बूट बदलताना टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक जुन्या बुटाइतकाच आहे ना, हे पाहावे. नवा बूट घालून आधार बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टसमोर चालून दाखवलेले उत्तम.

टाचेभोवतीचा भाग अंगठ्याने दाबून पाहावा. तो चेपला जात असेल तर तो बूट आत वळणाऱ्या पावलाला सावरणार नाही. तळ रुंद हवा आणि पिळल्यावर सहज वळू नये. टोकाशी तळ किंचित वर उचललेला असावा. चवड्याखाली फार पकड घेणारे रबर चांगले वाटते, पण घासणारा पाय तिथेच अडकतो. टोकाचा भाग थोडा गुळगुळीत असलेला बरा. टाचेखाली मात्र पकड हवीच. आणि बूट हलका हवा, कारण प्रत्येक पावलाला ते वजन मांडीनेच उचलायचे असते.

एक हातही अधू असेल तर नाडीपेक्षा वेल्क्रोचे पट्टे सोयीचे, तेही चांगल्या हाताने ओढता येतील अशा दिशेचे. बूट पुढे बोटांपर्यंत उघडणारा असावा. खुर्चीत बसून, गुडघा वाकवून घातला तर पोटरी सैल राहते आणि टाच आधारात शेवटपर्यंत टेकते. टाच वर राहिली असेल तर पट्टे आवळून उपयोग होत नाही. काढून पुन्हा घालावा.

आपल्याकडची खरी अडचण उंबऱ्याशी सुरू होते. बाहेर बूट, घरात अनवाणी किंवा स्लीपर, ही सवय जन्माची. पण स्लीपर पायात राहावी म्हणून बोटे आकसून धरावी लागतात, आणि ताठर पायात ते आखडणे वाढते. मागे पट्टा नसलेली कोणतीही चप्पल, कोल्हापुरीसुद्धा, या पायाला धरत नाही. नुसता प्लॅस्टिकचा आधार घालून फरशीवर चालणे तर घसरण्याला आमंत्रण आहे. घरासाठी स्वच्छ तळाची वेगळी जोडी ठेवणे हाच सरळ उपाय. घरातल्या ज्येष्ठांनी तिला परवानगी दिली पाहिजे. पावसाळ्यात ओला बूट रात्रीत वाळत नाही, तेव्हा बाहेरची दुसरी जोडीही लागते.

पक्षाघाताने पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यात मधुमेहाची भर पडली तर बूट चावलेला कळत नाही. आधार आणि बूट काढल्यावर घोट्याची हाडे, टाच आणि करंगळीची कड रोज पाहावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही, फोड आला किंवा सूज वाढली, तर तो बूट वापरणे थांबवून डॉक्टरांना किंवा ऑर्थोटिस्टना दाखवावे.

आधार बनवून घेण्यासाठी मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. अनेक मोठ्या रुग्णालयांतही अशी सोय असते. तपासणीला जाताना जुने बूटही पिशवीत घालून न्यावेत: उजव्या-डाव्या तळाची झीज शेजारी ठेवून पाहिली की पाय कुठे घासतो आणि कोणत्या कडेवर कलतो, हे तज्ज्ञाला समजते.