पॅसिफिक किनाऱ्यावरील वृक्षतोडे

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत, वॉशिंग्टन व ऑरेगॉन या संस्थानांत आणि त्यांच्या उत्तरेस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, पॅसिफिक महासागराला लागून जें अरण्य आहे, त्यांतील डग्लस फर हा वृक्ष मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याशीं उंचीची बरोबरी करूं शकतो. मनोरा २८० फुटांचा आहे; जुन्या अरण्यांतील फर २०० ते ३०० फूट वाढत, आणि त्यांच्या बुंध्याचा व्यास ६ ते ८ फूट भरे. असा वृक्ष केवळ हाताच्या बळावर, ठरविलेल्या जागीं, न फुटतां आडवा करण्याची विद्या कोणत्याहि शाळेंत शिकविली जात नव्हती. ती करवतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई.

फरचा बुंधा मुळाशीं फुगलेला व राळेनें भरलेला असतो. तेथें करवत अडकते. म्हणून तोडणारे दोघे जमिनीपासून पुष्कळ उंचीवर बुंध्यांत खांचा पाडीत, त्यांत एकेक फळी रोवीत, आणि त्या अरुंद फळीवर उभे राहून काम करीत. फळीच्या टोकाला वर वळलेल्या ओठाचा लोखंडी नाल असे; माणसाचें वजन पडलें कीं तो ओठ लाकडांत रुते. ज्या दिशेस झाड पाडावयाचें त्या बाजूस प्रथम पाचरीच्या आकाराची खांच काढीत. मग मागील बाजूनें, त्या खांचेच्या तळापेक्षां किंचित् वर, दोघे मिळून करवत चालवीत. पात्याला राळ चिकटूं नये म्हणून रॉकेलची बाटली जवळच टांगलेली असे. खरें कौशल्य होतें तें या दोन कापांमधल्या, न कापलेल्या पट्टींत. ती दाराच्या बिजागरीसारखें काम करते. एका अंगाला ती जाड ठेवली तर झाड त्या अंगाला ओढलें जातें. पार कापून टाकली तर झाड कोणाच्याच ताब्यांत राहत नाहीं. किती जाडी ठेवावयाची याचें कोष्टक नव्हतें. झाडाचा कल, वाऱ्याचा रोख, आंतली कूज, करवतीच्या आवाजांत पडलेला फरक, यांवरून जुना माणूस निर्णय करी आणि नवा माणूस तें पाहून शिके. वर तुटून अडकलेली, केव्हां खालीं येईल याचा नेम नसलेली जी फांदी असे, तिला या लोकांनीं ‘विधवा करणारी’ असें नांव ठेवलें होतें. त्यांच्या बोलींत थट्टा पुष्कळ आहे. या नांवांत ती नाहीं.

करवतीला धार लावणारा हा तळावरचा मोठा मानकरी. चांगली करवत भुसा पाडीत नाहीं, लांब वळणदार शेवया काढते. शेवया आखूड येऊं लागल्या कीं करवत त्याच्याकडे परत जाई.

पाडलेलें लाकूड प्रथम बैलांकडून ओढवीत. १८८१ सालीं कॅलिफोर्नियांतील युरेका येथें जॉन डॉल्बियर यानें वाफेवर चालणारें ओढयंत्र तयार केलें आणि बैलांचें दिवस संपत आले. परंतु जमिनीवरून फरफटणारा ओंडका खुंटांना व खडकांना अडे. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं एक उंच झाड उभें राखून, त्याच्या माथ्याला कप्पी बांधून, ओंडक्याचें पुढचें टोक उचलूनच ओढण्याची पद्धत रूढ झाली. आणि तिच्याबरोबर झाडावर चढणारा हा नवा कारागीर जन्मास आला.

कोंकणांत माडावर चढणारा मनुष्य खोडाला मिठी मारूं शकतो. येथें तें अशक्य होतें. पायांना लोखंडी कांटे, कमरेच्या पट्ट्याला जोडलेला दोर खोडाभोंवतीं टाकलेला. तो दोर वर झटकीत, कांटे रोवीत, वाटेतील प्रत्येक फांदी छाटीत हा मनुष्य १५० ते २०० फुटांवर जाई आणि तेथें लोंबकळत शेंडा कापी. आपल्याच कुऱ्हाडीचा चुकलेला घाव दोरावर बसूं शके, म्हणून दोराच्या गाभ्यांत पोलादी तार घालीत. शेंडा सुटतांना मागें रेटलेलें खोड मोठे झोके घेई. त्याहून भय होतें तें खोड उभें चिरण्याचें. चीर फांकली कीं दोर आवळला जाई आणि माणूस खोडाशीं चिरडला जाई. शेंडा सुखरूप उतरला कीं बोडक्या खोडाला चहूंकडून पोलादी ताणे देत आणि जड कप्पी वर चढवीत.

ओंडक्यांना फास घालणारे खालीं उतारावर, यंत्र चालविणारा दूर. दोघांना एकमेकांचें दिसत नसे. मध्यें एक पोरगा उभा असे. तो तारेला हिसके देऊन यंत्राच्या शिट्टीनें खुणा करी, आणि त्या शिट्ट्यांच्या हिशेबावर मोठ्या माणसांचे प्राण अवलंबून असत.

मालक व अभियंते यांनीं १९०९ सालीं पॅसिफिक लॉगिंग काँग्रेस ही परिषद सुरू केली. मजुरांची परिषद रात्रीं बराकींतल्या शेगडीभोंवतीं, ओले कपडे वाळत टाकून भरे. तेथें कामाची विद्या आणि गाऱ्हाणीं एकाच वेळीं बोललीं जात. गाऱ्हाणीं लहान नव्हतीं: दहा तासांचा दिवस, कीड लागलेल्या फळ्यांवर झोंप, आणि अंथरुणाची वळकटी ज्याची त्यानें पाठीवर वाहून एका तळावरून दुसऱ्या तळावर न्यावयाची.

१९१७ च्या उन्हाळ्यांत संप झाला. १९०५ सालीं शिकागोंत स्थापन झालेली इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड ही संघटना त्यांत पुढें होती. महायुद्ध चालू होतें आणि विमानांना या भागांतील सिट्का स्प्रूसचें हलकें व चिवट लाकूड हवें होतें. सप्टेंबरांत मजूर कामावर परतले, परंतु हार मानून नव्हे. आठ तास भरले कीं ते हत्यारें खालीं ठेवूं लागले. जें काम कसें करावें हें ठाऊक असतें, तें हळू कसें करावें हेंहि ठाऊक असतें. अखेर युद्धखात्यानें अरण्यांत शिपाई पाठविले, सरकारी आश्रयाची दुसरी संघटना उभी केली, आणि १ मार्च १९१८ पासून आठ तासांचा दिवस लागू झाला. मालकांच्या औदार्याशीं याचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. ज्या संघटनेनें ही मागणी लावून धरली, तिच्या सुमारें शंभर पुढाऱ्यांना व कार्यकर्त्यांना त्याच वर्षीं शिकागोंतील खटल्यांत दोषी ठरविण्यांत आलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर साखळीची यांत्रिक करवत आली. तिचे दांते सुधारले ते जोसेफ कॉक्स या ऑरेगॉनांतील लाकूडतोड्यानें. लाकूड पोखरणारी एक अळी आडव्या-उभ्या दोन्ही रेषांत सहज कशी कुरतडते, हें त्यानें १९४६ सालीं पाहून ठेवलें होतें. पुढें हलवितां येणारे पोलादी मनोरे आले आणि शेंड्यावर चढणाऱ्याचें मुख्य काम गेलें. वृक्षतोड्यांच्या बोलीचा वॉल्टर मॅककलॉक यानें केलेला कोश १९५८ सालीं छापला गेला, तेव्हां त्यांतील कित्येक शब्द बोलणारे हात कामावरून उतरलेले होते. नव्यानें वाढलेल्या अरण्यांत जुने प्रचंड खुंट मात्र अजून आढळतात, आणि त्यांवर फळ्या रोवण्याच्या खांचा स्पष्ट दिसतात.