डॉक्टरकीची मुलाखत : सेवाग्रामपासून श्रीनगरपर्यंत

नीटचा निकाल लागला की आमच्या वडनेर भोलजीत दोनच प्रश्न ऐकू येतात. "किती आले?" आणि "क्लास कुठं लावला होता?" लेकराला डॉक्टर व्हायचंय कशासाठी, हे कुणी विचारत नाही. सरकारही नाही.

आपल्या विदर्भात एकेकाळी ते विचारलं जायचं. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. खेड्यासाठी डॉक्टर घडवायचे, हा उघड हेतू. अंगावर खादी, आश्रमात शिबिर, मग दत्तक गावात मुक्काम. सुरुवातीच्या बॅचना मुलाखत असायची. पुढेही प्रवेश परीक्षेत गांधीविचाराचा वेगळा पेपर राहिला. पोट्टे तो पाठ करून जायचे, हे खरंच. पण निदान गांधी वाचून तरी जायचे! नीट आली आणि तीही परीक्षा गेली.

मग मुलाखत वाईट का ठरली? त्यासाठी कोर्टाचा इतिहास बघा. 1964 मध्ये म्हैसूर राज्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं इंजिनिअरिंग-मेडिकल प्रवेशासाठी मुलाखत चालेल असं म्हटलं होतं. 1980 चा अजय हासिया खटला मात्र डोळे उघडणारा. श्रीनगरचं रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज. लेखी 100 गुण, तोंडी 50. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि विचारलं काय? वडील काय करतात, राहता कुठं. लेखीत वर असलेली पोरं तोंडीत खाली, आणि खालची वर! कोर्ट म्हणालं, तोंडीला 15 टक्क्यांपेक्षा जास्त वजन दिलं तर ती मनमानी. मुलाखत टेप करून ठेवावी, असंही सुचवलं.

आपल्याकडे तोवर खासगी कॉलेजांचा काळ सुरू होत होता. 1987 मध्ये महाराष्ट्राला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. अशा बाजारात "मुलाखत" म्हटलं की बापाला पाकीटच आठवणार. लोकांनी गुणांच्या यादीवर विश्वास ठेवला, यात त्यांचं काही चुकलं नाही.

बिनआखणीची मुलाखत प्रामाणिक असली तरी फार कामाची नसते, हेही दिसलंय. 1979 मध्ये ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजला अचानक 50 जागा वाढवाव्या लागल्या. मुलाखतीत मागे पडलेली मुलं घेतली. पुढं पाहिलं तर आधी निवडलेल्यांत आणि यांच्यात फरकच नाही!

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं यावर तोड काढली. एकच मोठी मुलाखत घ्यायची नाही, दहाएक छोट्या घ्यायच्या. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना तोच प्रसंग, आठेक मिनिटं, परीक्षक वेगळा. एकाला तुमचं आडनाव खुपलं तरी बाकीचे नऊ उरतात. 2004 मध्ये त्यांनी हे छापलं आणि जगभर पसरलं.

आणि आपल्याकडे? पुण्याच्या एएफएमसीत नीटनंतर आजही मुलाखत होते. फौजेला डॉक्टर पारखून लागतो. मग खेड्याला का नको?

नुसत्या गुणांनी पैशाचा खेळ थांबला, असं म्हणायचीही सोय नाही. 2024 च्या नीट पेपरफुटीचे धागे लातूरपर्यंत आले. शिवाय क्लासची फी, दोन वर्षांची खोली, मेस हा खर्च नांदुरा-मलकापूरकडच्या कोरडवाहू घराला झेपतो का?

याच 2024 मध्ये बुलढाण्याला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, 100 जागांचं. माझं म्हणणं एवढंच, की यातल्या थोड्या जागांवर तरी प्रयोग करून बघा. नीट राहू द्या. वर 15 टक्क्यांच्या आत मुलाखत, मॅकमास्टरच्या पद्धतीची, मराठीतून, आणि सगळी रेकॉर्ड केलेली. प्रसंगही इथलेच द्या : फवारणीत विषबाधा झालेला मजूर आणलाय, बाई पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाही, म्हातारा बीपीची गोळी अर्धी करून खातो. पोरगं त्याच्याशी कसं बोलतं, ते बघा.

लातूरला याचेही क्लास निघतील म्हणता? निघतील की. म्हाताऱ्याशी नीट बोलायचा क्लास कुणी काढलाच, तर माझी हरकत नाही.