देशांतर

माणूस किती दूर गेला म्हणजे देशांतरीं गेला असें म्हणावें, याचा आपल्या धर्मशास्त्रकारांनीं बारकाईनें खल केलेला आहे. मध्यें महानदी आडवी आली, पर्वत आला, किंवा लोकांची भाषा पालटली, कीं पलीकडे देशांतर. कोणी तें योजनांनींही मोजलें. ही उठाठेव भूगोलासाठीं नव्हती, सुतकासाठीं होती. दूरच्या आप्ताच्या मृत्यूची वार्ता उशिरा यावयाची. मग तिकडील माणसानें स्नान कधीं करावें, किती दिवस अशौच पाळावें, हा प्रश्न निघे. त्यानें येऊन पोहोंचावें अशी मात्र कोणाची अपेक्षा नसे. ही अपेक्षा आपल्या घरांत विमानानें आणली. आणि तीही सावकाश आणली.

सन १९२९ च्या मार्चच्या ३० तारखेस इंपीरियल एअरवेज या इंग्रज कंपनीनें लंडन ते कराची असा विमानमार्ग सुरू केला. भाडें १३० पौंड व प्रवास ७ दिवसांचा. आगबोटीनें मुंबईहून विलायतेस पोहोंचावयास तेव्हां पंधरवडा सहज लागे. त्या मानानें ही गति मोठीच. परंतु हा प्रवास सारा आकाशांतला नव्हता. क्रॉयडनहून विमान स्वित्झर्लंडांतील बाझल येथें येई. तेथून जिनोवापर्यंत चक्क आगगाडी! जिनोवा येथें पाण्यावरून उडणारें व पाण्यावरच उतरणारें विमान तयार असे. तें इटली व ग्रीसचे किनारे घेत मजल दरमजल करीत अलेक्झांड्रियास पोहोंचे. मिसरांतून पुढें चाकांचें विमान, आणि मग गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशेर, लिंगे, जास्क, ग्वादर व शेवटीं कराची. रात्रीं सहसा उड्डाण नसे. म्हणजे प्रवाशांस रोज संध्याकाळीं खालीं उतरावें लागे, जेवावें लागे, निजावें लागे, आणि ज्या मुलुखावरून आपण चाललों त्या मुलुखाचें तोंड पहावें लागे. नद्या, डोंगर, भाषा, शास्त्रकारांच्या साऱ्या खुणा एकामागून एक पायांखालून जात.

यांतील वाळवंटाचा टप्पा मला विशेष मनोरंजक वाटतो. १९२१ सालीं इंग्रजांच्या लष्करी विमानांनीं कैरो ते बगदाद टपाल नेण्यास आरंभ केला, तेव्हां वैमानिकांस वाट कशी सांपडावी हा पेंच पडला. खालीं झाड नाहीं, गांव नाहीं. म्हणून अम्मानपासून युफ्रेटीसच्या बाजूस मोटारी घालून चाकोरी पाडली, आणि जेथें ती उमटेना तेथें नांगर धरून तास काढला. शेंकडों मैलांचा तो तास पाहत विमानें उडत! आकाशांत जाऊनही माणसास शेवटीं नांगराचाच आधार घ्यावा लागला, हें आमच्या शेतकऱ्यांस सांगितलें तर ते हंसतील खरे, पण त्यांस तें पटेलही.

पुढें इराणच्या सरकारनें आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी चालूं ठेवण्याचें नाकारलें, आणि १९३२ सालीं हा मार्ग आखाताच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे, अरबांच्या किनाऱ्यावर सरकला. शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांनीं जागा दिली. तेथें किल्ल्यासारखें एक विश्रामगृह उभें राहिलें, पहारेकरी नेमले गेले. शेखांस या पैशाची निकड होती. आखातांतील मोत्यांचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे आपली मुंबई; पण जपानी कृत्रिम मोत्यांनीं आणि जागतिक मंदीनें तो धंदा बसला होता. रुपया हेंच तेव्हां त्या किनाऱ्याचें चलन होतें. मोत्यांचे होडे ज्या वाटेनें मुंबईस येत, त्याच वाटेवर आतां विमानांचा मुक्काम पडला, आणि १९३७ पासून शेजारच्या दुबईच्या खाडींतही पाण्यावरचीं विमानें उतरूं लागलीं. आजच्या तेथील अवाढव्य विमानतळांचें मूळ असें एका नकारांत आहे. शारजाचें तें विश्रामगृह आज वस्तुसंग्रहालय झालें आहे, आणि धांवपट्टीचा शहरांतील रस्ता.

आकाश मोकळें असतें हा कवींचा समज. २०१९ च्या फेब्रुवारींत पाकिस्ताननें आपलें आकाश मिटलें, २०२५ च्या एप्रिलांत पुन्हां मिटलें, आणि दिल्लीहून युरोपास जाणाऱ्या आपल्या विमानांस दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. शंभर वर्षें होत आलीं, तरी वरच्या वाटा खालच्या सरहद्दींवरच ठरतात.

कराचीहून मुंबईचा दुवा जे. आर. डी. टाटा यांनीं १९३२ च्या ऑक्टोबरच्या १५ तारखेस जोडला. एका एंजिनाचें लहानसें पस मॉथ विमान, आंत टपालाची पोतीं. वाटेंत अहमदाबादेस पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडींतून. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, म्हणून हा सारा संसार पुढें पावसाळ्यापुरता पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळ हलवीत. पुढें १९४८ च्या जूनच्या ८ तारखेस एअर-इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. ७ दिवसांचे दोन झाले, आणि मधल्या नांवांपैकीं दोनच उरलीं. १९६० सालीं बोइंग ७०७ आल्यावर दिवसांची भाषा जाऊन तासांची आली.

याची किंमतही मोजावी लागली. 'मलबार प्रिन्सेस' १९५० च्या नोव्हेंबरांत माँ ब्लाँ पर्वतावर आदळलें. १९६६ च्या २४ जानेवारीस 'कांचनगंगा' हें विमान त्याच पर्वतावर नष्ट झालें व त्यांत डॉ. होमी भाभा गेले. २०२० सालीं तेथील हिमनदी वितळतां वितळतां त्या विमानांतील वृत्तपत्रें बाहेर आलीं. त्यांत इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याची बातमी होती, आणि अक्षरें वाचतां येत होतीं. कांहीं तासांत पोहोंचवावयाची ती बातमी चौपन्न वर्षें वाटेंतच राहिली.

आतां माझ्या घरची एक गोष्ट. २०१३ च्या जानेवारींत मी कांहीं जुनीं कागदपत्रें वाचण्यासाठीं लंडनला होतों. दुपारीं साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. आई गेली होती. तो एवढेंच म्हणाला, "दादा, तूं येईपर्यंत थांबतों." मी नको म्हणावयास हवें होतें. शेवटचे आठ महिने तिचें सारें त्यानें केलें होतें. पण माझ्या तोंडून होकार गेला.

आयत्या वेळीं मिळालेलें तिकीट आखातांतून होतें. समोरच्या पडद्यावर चिमुकलें विमान नकाशावरून सरकत होतें, आणि खालीं नांवें उमटत होतीं: बगदाद, बसरा. ज्या वाटेचा मी इतकीं वर्षें अभ्यास केला तिच्यावरून मी प्रथमच जात होतों, आणि खिडकीची झडप खालीं ओढलेली होती.

आखातांतल्या विमानतळावर तीन तास काढावयाचे होते. शेजारीं खेडकडचा एक मुसलमान गृहस्थ बसला होता. वीस वर्षें तिकडेच कामाला. माझ्याकडे पाहून त्यानें विचारलें, "घरीं कांय झालं काय, भाऊ?" मीं सांगितलें. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुम्हाला तोंड तरी बघायला मिळंल. माझा बाप वारला तेव्हां मी हितंच, तीन तासांवर. शेटनं सुट्टी दिली नाय. चाळिसाव्याला पोचलो."

महानदी नव्हे, पर्वत नव्हे. त्याचें देशांतर शेटच्या कपाटांत ठेवलेल्या पासपोर्टाएवढें होतें. शास्त्रकारांच्या यादींत हें बसत नाहीं.

फोन आल्यापासून २६ तासांनीं मी साताऱ्यास पोहोंचलों. ओटीवर आदल्या दिवसापासून ताटकळलेलीं माणसें होतीं. आंत बर्फाच्या लाद्या, आणि त्यांचें पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलें. भाऊ दोन रात्री झोंपला नव्हता. संगम माहुलीस त्यानें मडकें उचलून माझ्या खांद्यावर ठेवलें. मी वडील म्हणून. मीं फेऱ्या घातल्या. परत आल्यावर मावशीनें मला जवळ बसविलें आणि विचारलें, "एवढ्या लांबून आलास, वाटेंत कुठें थांबला होतास का रे? कांहीं खाल्लेंस?"

मी कुठें थांबलों होतों तें सांगूं लागलों, पण तिचें लक्ष भावाकडे गेलें होतें. तो भिंतीला टेंकून बसल्या जागीं झोंपला होता.